शिव्या गाळून लिहिलेली आई

माझी आई परक्यांशी गोड बोलायची आणि घरच्यांना शिव्या द्यायची. दारात आलेल्या भाजीवालीला ‘‘बसा, पाणी घ्या’’ आणि मला, पोटच्या पोरीला, ‘‘भैताड’’. आपल्या माणसाशी काय तोंड सांभाळून बोलायचं, असं तिचं सरळ म्हणणं. सगळ्यात जास्त शिव्या माझ्या धाकट्या भावाच्या वाट्याला यायच्या, कारण तो सगळ्यात लाडका. तो परदेशात गेल्यावरही दर रविवारी लॅपटॉपवर त्याचं तोंड दिसलं की ती सुरू व्हायची, ‘‘मुर्दाडा, जेवला का नाई अजून?’’ आणि तो तिकडे खूष.

मग तिचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग गॅसवरचं दूध, मग एका रविवारी नातवाचं, भावाच्या मुलाचं, नाव. भाऊ पडद्यावर उत्तराची वाट पाहत होता आणि ती माझ्याकडे पाहत होती. नेटवर्कच्या नावाने खडे फोडत मी कॉल कापला. तिने माझा हात धरला.

‘‘त्याले सांगू नको. माय पागल झाली म्हणन तो.’’

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि फार आशा ठेवू नका म्हणून सांगितलं. भावाला मी काही बोलले नाही. मी भद्रावतीत शाळेत शिकवते. ऑनलाइन तासांच्या वेळी एक टेलिप्रॉम्प्टर वापरायला शिकले होते. टीव्हीवर बातम्या देणाऱ्यांच्या समोर मजकूर सरकतो ना, तसला फुकटचा प्रोग्राम. काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं खालून वर सरकतात. पट्टी कॅमेऱ्याच्या अगदी लगत खाली ठेवली की वाचणारा समोरच्याच्या डोळ्यांत पाहतोय असं वाटतं. लॅपटॉप तांदळाच्या डब्यावर चढवून आईच्या नजरेसमोर आणला. अक्षरं मोठी केली, वेग कमी केला. मी माऊस घेऊन बाजूला, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बसायची. भाऊ बोलू लागला की पट्टी थांबवायची, त्याचं झालं की सोडायची. उत्तरं आधीच लिहून ठेवता येत. एवढ्या लांबून तो विचारून विचारून काय विचारणार? गुडघे, जेवण आणि ऊन.

आईला वाचता खणखणीत येत होतं. वाचलेलं डोक्यात राहत नव्हतं, एवढंच. शिव्या तेवढ्या मी गाळल्या. शिवी टाइप करायला मास्तरणीचा हात धजेना. ‘बाळा, कसा आहेस? मी मजेत आहे. गुडघे बरे आहेत.’ एकदा मी मध्ये ‘इथे हस’ असं लिहिलं, तर तिने तेही मोठ्याने वाचलं. भाऊ हसला, मी तोंडावर पदर धरून हसले. आई तेवढी हसली नाही.

होता होता ती मलाही मधूनमधून विसरू लागली. मग मी घाबरले. भावाला वेगळा फोन करून सगळं सांगितलं, ती ओळखतेय तोवर येऊन जा म्हणाले.

‘‘ताई, तुझं आपलं काहीतरीच,’’ तो म्हणाला. पुण्यात शिकायला गेला तेव्हापासून त्याची बोली अशी इस्त्रीची. ‘‘परवाच किती छान बोलली माझ्याशी.’’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. छान बोलली! ते छान मी लिहिलं होतं, शाळेच्या वह्या बाजूला सारून. पुढच्या रविवारी मी पट्टीवर लिहिलं, ‘बाळा, मला सगळं विसरायला होतंय. तुझं तोंड ओळखू येतंय तोवर एकदा घरी ये.’ आईने ते गुडघ्यांसारखंच, त्याच आवाजात वाचून टाकलं.

भाऊ पडद्याच्या जवळ सरकला. मग म्हणाला, ‘‘ताई, समोर ये.’’

मी आईच्या शेजारी सरकले.

‘‘मला दिवाळीपासून माहीत आहे,’’ तो म्हणाला. ‘‘आईने इतक्या महिन्यांत मला एकदाही मुर्दाडा म्हटलं नाही. बाळा म्हणते. तिने जन्मात कुणाला बाळा म्हटलंय का?’’

‘‘मंग आला काऊन नाई?’’ मी विचारलं.

‘‘येऊन काय करणार होतो गं? आणि अशी शांत, गोड बोलणारी आई बघून मलाही बरं वाटायचं. तू छान लिहितेस. चालू ठेव ना.’’

त्याने आईला हात हलवला. पट्टीवर शेवटी नेहमीचं ‘सुखी राहा’ होतं, ते तिने वाचलं. कॉल संपला.

माझ्याच्याने राहवलं नाही. आईच्या मांडीवर डोकं ठेवून मी ओक्साबोक्शी रडले. तिने अंग चोरून घेतलं, पण उठवलं नाही.

‘‘आई,’’ मी म्हणाले, ‘‘एकदा भैताड म्हण मले.’’

ती दचकली. पदर सारखा केला आणि माझ्याकडे पाहून, पट्टी बंद असताना, स्वतःच्या मनाने हसली.

‘‘असं कसं म्हणू जी तुमाले? बसा, पाणी घ्या.’’