ट्रॅक्टरच्या मापाची पेटी

आमची मावशी अवजारांच्या दुकानात गेली तेव्हा तिच्या गळ्यात शिवणाची टेप होती. मुद्दाम घातलेली नव्हती, असतेच. उभं आयुष्य शिवणकामात गेलेल्या बाईला टेपशिवाय घराबाहेर पडणं म्हणजे अनवाणी बाहेर पडणं. दुकानदाराने आधी टेपकडे पाहिलं, मग मावशीकडे, मग तिच्या मागून कुणी पुरुषमाणूस येतोय का ते दाराकडे.

"काय आहे ना ताई," तो म्हणाला. या गृहस्थाचं बोलणं 'काय आहे ना'ने सुरू होतं आणि 'शेवटी तुमच्यावर आहे'ने संपतं. मधे जे येतं त्याची जबाबदारी तो घेत नाही. "काय आहे ना ताई, बॉक्स ब्लेड म्हणजे जरा टेक्निकल वस्तू आहे. साहेब नाही आले?"

"साहेब खुर्चीत बसलेत. ट्रॅक्टर सध्या माझ्याकडे आहे. दाखवा."

बॉक्स ब्लेड म्हणजे तळ नसलेली लोखंडी पेटी. ट्रॅक्टरच्या मागे जोडायची आणि फरपटत न्यायची. पुढचे दात जमीन उकरतात, मागचं पातं उंचवटे खरवडतं, ती माती पेटीत साठत जाते आणि खड्डा आला की आपोआप त्यात उतरते. एवढंच टेक्निकल. मावशीला ते एका वाक्यात कळलं: "म्हणजे फुगलेलं कापायचं आणि त्याचंच ठिगळ लावायचं."

तिला ठिगळ लावायचं होतं ते घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंतच्या वाटेला. ही वाट खडीची, थोड्या चढाची, मधे एक वळण. सरकारी नाही, त्यामुळे तिला वाली नाही. इतकी वर्षं काकाच, म्हणजे मावशीचे यजमान, फावडं घेऊन तिची डागडुजी करायचे. त्यांचा धंदाच तो. त्या जुन्या, ठेंगण्या ट्रॅक्टरला ट्रॉली लावून लोकांच्या दारी खडी-माती पोचवायची. मग त्यांच्या पाठीचं ऑपरेशन झालं, फावडं भिंतीला टेकलं आणि वाटेला कुणी विचारेना. दोन पावसाळ्यांत चाकोऱ्या इतक्या खोल झाल्या की टॅक्सीचं पोट घासायचं.

ऑपरेशननंतर काकांना व्यायामासाठी दवाखान्यात न्यायला लागायचं. तिथली यंत्रं घरी आणता येण्यासारखी नव्हती. प्रत्येक खड्ड्याला काका डोळे मिटायचे आणि दात आवळायचे. ओरडायचे नाहीत, तेच वाईट. एक दिवस घरी परतल्यावर खुर्चीत बसले आणि म्हणाले, "झालं. आता मी या घरातून हलायचा नाही."

मावशीने समजावलं, धमकावलं, अबोला धरला. काका ढिम्म. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं, की असेच बसून राहिले तर पाय आखडतील, मग त्यांना यावंसं वाटलं तरी येता येणार नाही. मावशीने फोन ठेवला. नवरा हलत नाही ना, मग वाट हलवू, असं तिने ठरवलं.

ट्रॅक्टर चालवायला ती काका आजारी पडल्यावरच शिकली, या वयात. कुणी कौतुक केलं तर म्हणते, "पायाखाली पॅडल आणि नजर सुईच्या पुढे. मशीनच आहे ते, जरा मोठ्याने बोलतं इतकंच."

दुकानात दोन पेट्या होत्या. एक सहा फुटी, दणदणीत. दुसरी साडेचार फुटी, तिच्या शेजारी धाकट्या बहिणीसारखी उभी. मावशीने टेप काढून दोन्ही मापल्या. ट्रॅक्टरचं माप ती घरून घेऊन आली होती, मागच्या एका चाकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत. लहान पेटी चाकांच्या आतच राहत होती. म्हणजे वाट सपाट होणार आणि दोन्ही बाजूंना चाकांचे ठसे तसेच राहणार.

"ही आखूड पडते," मावशी म्हणाली.

"काय आहे ना ताई, लहान पेटी हलकी असते. कडक जमिनीवर नुसती उड्या मारते. मोठी वजनाने रुतते. आता तुमचा ट्रॅक्टर किती ताकदीचा?"

मावशीने बॉनेटवर लिहिलेला आकडा सांगितला. तो ऐकून दुकानदाराने मान डोलावली. "मग ओढेल. तरी दोन दिवस वापरून बघा, नाही पटली तर परत आणा. शेवटी तुमच्यावर आहे."

मावशीने मोठी घेतली. त्यात तिचं आयुष्यभराचं तत्त्व होतं. मापापेक्षा जास्तच ठेवायचं, कारण जास्तीचं कापता येतं, कमी पडलेलं जोडता येत नाही. या तत्त्वावर गावातली निम्मी पोरं ढगळ कपड्यांत वाढली.

काकांनी खिडकीतून पेटी उतरताना पाहिली. "अंथरूण पाहून पाय पसरावेत," ते म्हणाले.

"खुर्चीवरून ट्रॅक्टर हाकू नका," मावशी म्हणाली.

पेटी जोडली. ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टने वर उचलली, तर पुढची चाकं नवख्या नर्तकीसारखी चवड्यांवर आली. स्टिअरिंग डावीकडे, ट्रॅक्टर सरळ. पेटी खाली सोडली, थोडं ओढलं, ती मातीने भरली, आणि चढाच्या पायथ्याशी इंजिनाने दोन आचके देऊन मान टाकली. मावशीने पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा काळा धूर निघाला. खिडकीतून काही आवाज आला नाही, आणि तो न आलेला आवाज मावशीला स्वच्छ ऐकू आला.

संध्याकाळी ती काकांची पँट कमरेत आत घ्यायला बसली. ऑपरेशननंतर ही तिसरी वेळ. काका वॉकरला धरून उभे, मावशीच्या तोंडात टाचण्या.

"सरळ उभे राहा."

"सरळच आहे. पँट वाकडी आहे."

"पँट मी शिवलीय, ती वाकडी असणार नाही." तिने कमरेला टेप गुंडाळली आणि आकडा पाहिला. "अजून उतरलात."

"बॉनेटवरचा आकडा तोच आहे," काका म्हणाले, "पण आतलं आटलंय." मावशीने वर पाहिलं. काका खिडकीबाहेर बघत होते. "ते यंत्र नवं होतं तेव्हा त्याने ही पेटी खेळण्यासारखी ओढली असती. आता त्याच्या अंगात तेवढं राहिलेलं नाही. तू त्याला जुन्या मापाचे कपडे शिवतेस."

"मग काय करू? लहान पेटी चाकांच्या आत राहते. वर उड्या मारते म्हणे."

"उड्या मारेल तर वर दगड ठेव. पेटीवर वजन घालता येतं, पेटीतलं काढता येत नाही."

मावशीने तोंडातल्या टाचण्या हातात घेतल्या. तिच्या तत्त्वाच्या बरोबर उलटं तत्त्व, आणि तेही खुर्चीत बसणाऱ्या माणसाकडून. वाद घालण्यासारखं काही सापडेना म्हणून ती म्हणाली, "आणि चाकांचं?"

काकांनी आपल्या कमरेकडे बोट दाखवलं. "हे जे करतेयस तेच. आत घे."

जुन्या ट्रॅक्टरची मागची चाकं बशीसारखी खोलगट असतात. फुगीर बाजू आत होती ती बाहेर केली, की दोन्ही चाकं अंगाशी येतात. मग लहान पेटीसुद्धा त्यांना झाकते.

दुसऱ्या दिवशी मावशीने मोठी पेटी परत करून लहान आणली. दुकानदार म्हणाला, "काय आहे ना, मी तेव्हाच म्हणणार होतो." चाकं बदलायला मिस्त्री आला. हा मिस्त्री वाक्य पुरं करत नाही. उरलेलं पान्याने सांगतो.

"काकू, जॅक जरा..." म्हणत त्याने जॅक लावला. "हे आता असं काढलं की..." म्हणत डावं चाक काढलं, जागच्या जागी फिरवलं आणि तिथेच परत लावायला घेतलं.

खिडकीतून काका म्हणाले, "अरे, नाही."

मिस्त्री ठोकत होता. मावशी उजवीकडच्या चाकाला टेकू शोधत होती. काका पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने. ऐकू जाईना. मग मावशीला मागे वॉकरची ठकठक ऐकू आली. आधी फरशीवर, मग उंबऱ्याशी थोडी थांबून, मग खडीवर. तिने वळून पाहिलं नाही. पाहिलं तर माणूस परत फिरेल, हे तिला इतक्या वर्षांच्या संसारात ठाऊक झालं होतं.

"टायरची नक्षी बघ," काका मिस्त्रीला म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "उलटी झाली. चिखलात धरणार नाही, नुसतं फिरेल. डावं उजवीकडे ने, उजवं डावीकडे. फिरवायचं नाही, सरळ उचलून न्यायचं."

मिस्त्रीने चाकाकडे पाहिलं. "म्हणजे नक्षी तीच राहून..."

"हां. आणि बशी आपोआप उलटी."

"च्यायला, हे मी..." मिस्त्री म्हणाला, आणि उरलेलं पान्याने सांगितलं.

मावशीने टेप लावली. लहान पेटी दोन्ही बाजूंना बोटभर बाहेर येत होती. शिवणीला जेवढी जागा सोडतात तेवढीच. काका दारापुढच्या ओट्यावर बसून राहिले, अंधारून येईपर्यंत, पण वाटेवर पुढे आले नाहीत. "उद्या गाडीने जाऊ या का?" असं मावशीने विचारलं तेव्हा म्हणाले, "आधी कर. मग बघू."

तिने केलं. पेटीवर दगड बांधले, दात खाली सोडले, आणि वर-खाली, वर-खाली, कपड्यावर इस्त्री फिरवावी तशी. ट्रॅक्टर कुरकुरला, पण मान टाकली नाही. तिसऱ्या दिवशी वाट अशी झाली की मावशी तिच्यावरून चालताना चपला झटकायला लागली.

टॅक्सी बोलावली. टॅक्सीवाल्याला प्रत्येक गोष्ट पटते आणि तो करतो मात्र मनातलं. "हळू घ्या," मावशी म्हणाली. "बरोबर आहे," तो म्हणाला, आणि नेहमीसारखी सोडली.

काकांनी दाराच्या वरची कडी धरली आणि डोळे मिटले. मावशी त्यांच्या शेजारी बसली होती. तिने वाटेकडे पाहिलंच नाही, त्यांच्या जबड्याकडे पाहत राहिली. जुना मोठा खड्डा गेला. जबडा सैल. चढ गेला. वळण आलं तेव्हा काकांनी डोळे उघडले.

"थांबव," ते म्हणाले.

टॅक्सी थांबली. मावशीचा हात त्यांच्या गुडघ्यावर गेला. "दुखलं?"

"नाही." काका काचेतून बाहेर बघत होते. "हे काय केलंयस? सगळं टेबलासारखं सपाट."

"मग काय डोंगर करायचे होते?"

"मधे फुगवटा ठेवायचा, कडेला उतार. नाहीतर पाणी इथेच साचणार आणि पुढच्या पावसात पुन्हा तेच खड्डे. पेटीची एक बाजू जरा खाली घेऊन ओढायची."

"शर्टाला फुगवटा ठेवत नाहीत."

"शर्टावरून पाणी वाहत नाही."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत? तीन दिवस खिडकीत बसून होतात."

"खिडकीतून वळण दिसत नाही," काका म्हणाले. "इथूनच दिसतं."

टॅक्सीवाल्याने आरशातून दोघांकडे पाहिलं. "बरोबर आहे. निघू का?"

"निघा," मावशी म्हणाली.

"थांब," काका म्हणाले. "मला पुढच्या सीटवर घे. मागून नीट दिसत नाही."