सकाळच्या नळीचा आकडा

लेक काहीतरी लपवतेय, ही शंका आईचा पिच्छा सोडत नव्हती. दुपारी लेक ड्यूटीवरून आली, हात धुतले, पुन्हा धुतले, आणि वाढलेलं ताट चिवडत बसली.

लेक इस्पितळाच्या लॅबमध्ये अकरा वर्षं रक्त तपासत होती. खिडकीतून कुणी रक्ताची नळी पुढे केली की पहिला प्रश्न ठरलेला, "किती वाजता काढलं?" वॉर्डातून नळ्या आणणारे मामा वैतागायचे. "बाई, रक्ताची पत्रिका मांडताय का?" हळूहळू तिचं नावच 'किती वाजता' पडलं. ती चिडत नसे. वेळ न विचारता दिलेला आकडा म्हणजे थाप, एवढंच म्हणायची.

"कुणाशी वाजलं का?" आईने विचारलं.

"नाही गं. आज मी वेळ विचारलीच नाही."

मग एकेक बाहेर आलं. अतिदक्षता विभागात एक सुतार होता. हाताच्या जखमेतलं इन्फेक्शन अंगभर पसरलं होतं. अशा पेशंटच्या रक्तातलं लॅक्टेट पुन्हा पुन्हा बघतात. उतरत गेलं तर माणूस तगण्याची आशा, अडून बसलं तर उपचार बदलायचे. सकाळची नळी बर्फात यायला हवी होती, ती मामांच्या खिशातून आली. खिडकीशी गर्दी. लेकीने नळी घेतली आणि तशीच मशीनला लावली. लॅक्टेटचा आकडा आला साडेपाच. दुपारची नळी बर्फातून आली. आकडा साडेचार. तेव्हा कुठे मामा सहज बोलून गेले, की सकाळची नळी तास-दीड तास खिशातच राहिली होती.

"पण उतरलं ना?" आई म्हणाली.

"उतरलंच नसेल, आई. उबेत राहिलेल्या रक्तात ते आपसूक वाढतं. सकाळीही आकडा साडेचाराच्या आसपासच असणार. डॉक्टरांना वाटतंय औषध लागू पडलं. सुताराच्या बायकोलाही तसं सांगितलंय. जिन्यात भेटली, माझा हातच धरला तिने."

कुणाला कळणार आहे, गप्प बस, हे आईच्या अगदी ओठांवर आलं होतं. लॅबच्या मोठ्या बाईंनी गेल्या वर्षी अशाच एका चुकीसाठी एकीला घरी बसवलं होतं.

"सांगितलंस तर नोकरी जाईल?"

"जाईलही."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"पाचच्या राउंडला डॉक्टर तेच औषध चालू ठेवतील."

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. आईने ओठांवरचं गिळलं. "मग इथे घास मोजत काय बसलीस?"

"मोठ्या बाईंना आधी विचारावं लागेल. नाहीतर म्हणतील, मला डावललंस."

"त्या देतात का सुताराला औषध?"

लेकीला हसू आलं, दिवसभरात पहिल्यांदा. तिने ताट बाजूला सारलं, हात पुसले.

"आधी डॉक्टर," ती म्हणाली. "बाईंची बोलणी नंतर खाते." आणि तिने अतिदक्षता विभागाचा नंबर फिरवला.