आठवीचं गाऱ्हाणं

नव्या बाई आल्या आणि आठवड्याभरात सातवीची मुलं त्यांची झाली. देवरूखपासून आत, डोंगराकडच्या त्या शाळेत मी कित्येक वर्षं घालवली होती. त्या बी.ए. झालेल्या, रत्नागिरी शहरातल्या. मधल्या सुट्टीत मुली त्यांना गराडा घालत आणि मी मुख्याध्यापकांसमोर बसून डबा खाई. राग येई असं म्हणणं सभ्यपणाचं होईल. मी जळत होते.

पालकसभेत सातवीने काहीतरी सादर करायचं ठरलं. विषय होता, जगात शाळा कोणाच्या वाट्याला येते आणि कोणाच्या नाही. निम्मं काम माझ्याकडे, निम्मं त्यांच्याकडे. मी मोठ्या कागदावर जगाचा नकाशा काढला, शाळा फुकट असलेले देश हिरवे, शाळाच नसलेले मुलूख तांबडे. मुलं म्हणाली, “छान आहे, बाई,” आणि नव्या बाईंच्या तालमीला पळाली. त्यांनी गाऱ्हाणं बसवलं होतं.

शिमग्यात पालखीपुढे देवाला गाऱ्हाणं घालतात. एकजण मागणं म्हणतो आणि जमलेला गाव एका आवाजात ‘व्हय महाराजा’ म्हणतो. एकदा व्हय म्हटलं की ते मागणं सगळ्यांचं. आमच्याकडे स्टॅम्पपेपरवरची सही मोडेल, पण हे मोडत नाही.

गाऱ्हाणं घालायला त्यांनी खड्या आवाजाची एक मुलगी निवडली. ती माझी होती, निदान मी तसं समजत होते. तिचा बाप मुंबईला गिरणीत, घर काकाच्या हातात, आणि काकाने ठरवलेलं की सातवी बस्स झाली. त्याच्या पडवीत मी वर्षभर खेटे घातले होते.

“तुमचं पटतंय हो, बाई,” तो म्हणायचा, “पन पोरीच्या जातीनं रोज यष्टीनं देवरूखला जायचं? आनि लावनीला हात कोन लावनार?”

चहा मात्र दरवेळी मिळायचा. तिने पुढे जायला हवं, हा माझा हट्ट होता. मी सातवीची फायनल देऊन, ट्रेनिंग करून मास्तरीण झालेली. आठवीच्या वर्गात मी कधी बसलेच नव्हते.

सभेच्या दिवशी काका पुढेच बसला होता. शिमग्यात त्याच्या ‘व्हय’ला गावात तोड नव्हती.

“बा देवा महाराजा! दुष्काळी मुलखातली पोरं उपाशीपोटी शाळेत जातात, त्यांच्या पोटाला दे रे महाराजा!”

“व्हय महाराजा!” मुलं ओरडली.

“लढाईत जिथं शाळा पडल्यात, तिथं परत भिंती उभ्या कर रे महाराजा!”

आता पालकांनाही राहवेना. जन्माची सवय ती. सगळं छप्पर ‘व्हय महाराजा’ने दणाणलं, आणि पोरीने त्याच दमात पुढचं म्हटलं, “आनि आमच्या वाडीतल्या पोरींना आठवीत धाड रे महाराजा!”

“व्हय महाराजा!” काकाचा आवाज सगळ्यांच्या वर.

सभेत हसू फुटलं. मागून एक म्हातारा म्हणाला, “झालं! देवाला व्हय म्हनलास, आता फिरायचं नाय.”

काकाने डोकं खाजवलं. “म्हनलो खरा,” तो म्हणाला, आणि तिथेच प्रश्न मिटला.

नव्या बाईंचं तोंड उघडंच राहिलं होतं. शेवटची ओळ त्यांची नव्हतीच, पोरीने आपल्या मनाने घातलेली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, पण सगळं कौतुक बाईंचं. वर्षभर फांदी हलवत होते मी! मी तोंडभर हसून अभिनंदन केलं आणि नकाशा गुंडाळला. मुलगी शिकणार याचा आनंद झाला, नाही असं नाही. पण आधी पोटात दुखलं, आनंद मागाहून आला.

जूनमध्ये ती नव्या गणवेशात एस्टीच्या थांब्यावर भेटली. नव्या बाईंचं नावसुद्धा काढलं नाही तिने. मला बरं वाटलं.

“बाई, संस्कृत कठीण असतं काय हो?”

“मी शिकले नाही गं.”

“मग मी शिकून येईन नि तुमाला सांगेन, हां?” असं म्हणून ती चढली. खिडकीतून हात हलवत राहिली.

सांगेन म्हणे! मला ऐकायचं नव्हतं. मला आठवीच्या त्या बाकावर बसायचं होतं.