किडकं वांगं वर

ज्या माणसाने मला पंचायत समितीवर निवडून आणलं, त्याने मला मत दिलेलं नाही. असा माणूस साऱ्या वाशिम जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. हे माझे साडभाऊ, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आक्कांचे, यजमान.

मालेगावच्या बाहेर, शिरपूरच्या रस्त्याला त्यांची भाजीची वाडी आहे. पण भाजी हा जोडधंदा, खरा धंदा सल्ला देण्याचा. तोही न मागता, घरी येऊन आणि बहुधा चुकीचा. डॉक्टरला ते औषध सुचवत, एस.टी.च्या ड्रायव्हरला गाडी कुठून वळवायची ते सांगत. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांच्या सल्ल्याने आचाऱ्याने वरणात इतका गूळ घातला की व्याह्यांनी ते पक्वान्न समजून शेवटी पुन्हा मागितलं. बाजारात तर त्यांची तऱ्हाच उलटी. सगळे भाजीवाले टवटवीत माल वर रचतात. हे किडकं वांगं शोधून ढिगाच्या टोकावर ठेवत. आक्का चिडायच्या, "अवो, गिऱ्हाईक पळून राह्यलं ना!"

"पळू दे. जे थांबलं ते पुन्हा येते. घरी गेल्यावर किडकं निंघालं तं शिव्या खा लागतात."

मी निवडणुकीला उभा राहिलो तेव्हा सीमेवर तणाव होता. चौकातल्या सभेत प्रत्येक वक्ता लढाईच मागत होता. माझी पाळी आली आणि मी बोलून गेलो, "लढाई नको. तिथं मरायला भाषणं करणारे जात नाहीत." त्याचा व्हिडिओ मोबाइलवर फिरला आणि मी रातोरात देशद्रोही ठरलो. कार्यकर्ते म्हणाले, "काका, आवाज तुमचा नाहीच म्हणा, कॉम्प्युटरवर बनवला म्हणा." पुढच्या सभेत तसंच सांगायला मी तयार झालो. त्या सकाळी साडभाऊ मेथीच्या जुड्या घेऊन आले.

"पाव्हणे, बोलले होते ना तुमी?"

"बोललो होतो."

"मंग आता नाई कायले म्हणता? लोकं तेच आयकाले येतील. तेच आधी सांगा. अन् फौजेतल्या पोराच्या बापाले न विचारता बोललो, हे चुकलं, ते बी सांगा."

"म्हणजे माझं म्हणणं तुम्हाला पटतं?"

"बिलकुल नाई. माहा पोरगा फौजेत हाये. एकदाचा निकाल लागला पायजे. मत बी मी तुमाले देत नाई. पण घरचा माणूस खोटं बोलून निवडून आला, तं बाजारात मी कोन्या तोंडानं बसू?"

सभेत मी उभा राहिलो आणि पहिलंच वाक्य 'लढाई नको' हे म्हटलं. माझंच आहे आणि आजही माझं आहे, म्हणालो. पण ज्यांची मुलं सीमेवर आहेत त्यांना विचारलं नव्हतं. त्यांनी आता मला विचारावं. तर साडभाऊच पहिले उठले! भर चौकात आम्ही दोघे साडू तावातावाने भांडलो, आक्कांनी खाली बसवेपर्यंत. लोक हसले, मग ऐकू लागले. मी थोडक्यात निवडून आलो.

सत्काराच्या वेळी कोणी विचारलं, एवढं धाडस आलं कुठून? मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "अंतःकरणातून." माझं अंतःकरण तिसऱ्या रांगेत शेंगा फोडत बसलं होतं. सगळ्यांत मोठी टाळी त्याचीच होती. ती टाळी अजून मला बोचते. नंतरही लोक त्या भाषणाचं कौतुक करत राहिले आणि मी मान लववून ते घेत राहिलो.

आता साडभाऊंचं बाजारात जाणं थांबलं आहे. सूनबाई दुकान लावते. चांगली वांगी वर असतात, धंदा बरा चालतो. ते वाडीत बाजेवर पडून विहिरीच्या मोटरला सल्ला देतात. परवा मी जवळ बसून म्हणालो, "ते सगळं तुमचं होतं. आता लिहून टाकतो."

त्यांनी माझा हात हातात धरून ठेवला. भाजी खुडून खुडून खरखरीत झालेला तो हात आता अगदी हलका लागला. मग म्हणाले, "लिवा. पण मत नोतं देल्लं, हे बी लिवजा."

"लिहितो."

"खाली नाई, पाव्हणे. सगळ्यांत वर."