फौजी पाकिटातला शिरा

लेहच्या बाजारात फौजी सामानाचं एक दुकान आहे. तिथं शिऱ्याचं पाकीट हातात घेऊन मी कितीतरी वेळ उलटसुलट बघत होतो. सातवीत शाळा सुटली, त्यामुळे मागचं बारीक इंग्रजी वाचता येत नाही.

“चाचा, हे न शिजवता खायचं?”

“शिजवलेलंच आहे. फाड आणि खा,” दुकानदार म्हणाले. ते स्वतः फौजेत होते. “पण एक आज खाऊन बघ. नाहीतर बर्फात अडकल्यावर घरचा शिरा आठवून रडत बसशील.”

उद्या पुन्हा ती बर्फाची खिंड ओलांडायची आहे. गेल्या हिवाळ्यात तिथं माझा ट्रक दोन दिवस अडकला, तेव्हा पुढच्या गाडीच्या ड्रायव्हरनं असंच पाकीट गरम करून माझ्या हातात ठेवलं होतं. आमच्या सांगोल्याकडे शेजारचा डबा कुणी रिकामा परत करत नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. पण त्या माणसाचं नाव विचारायचं राहिलं. आणि हा शिरा शिजवणारा कुठं असेल? कुणाची भूक मनात धरून त्यानं तूप सोडलं असेल?

“किती देऊ?” चाचांनी विचारलं.

“माझ्यापुरती चार,” मी म्हणालो, “आणि दोन मागच्या गाडीसाठी.”