कागदाच्या मोळ्या

भाऊबीजेच्या दिवशी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी धाकट्या भावाने त्याची चार वर्षांची मुलगी माझ्या आष्टीतल्या दोन खोल्यांत आणून सोडली. सोबत एक प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यात दोन फ्रॉक, एक टॉवेल आणि खारीचा पुडा होता. ओवाळून झाल्यावर त्याने अट सांगितली. अट वहिनीची होती.

"आठ दिवस ऱ्हाऊ दे म्हनली. रमली तर ऱ्हाईल तुज्यापाशी. न्हाई रमली तर न्हेतो संगं."

ऊसतोडीला जाणारा ट्रक नवव्या दिवशी सकाळी निघणार होता. भाऊ आणि वहिनी मिळून एक कोयता. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको जोडीने मोजतात. मुलगी मागची दोन वर्षं त्यांच्यासोबत कारखान्यावर गेली होती. उसाच्या फडाशेजारी कोपी, म्हणजे पाचटाची आणि ताडपत्रीची झोपडी, आणि त्या कोपीत सहा महिने. यंदा मी छत्रपती संभाजीनगरचं वर्तमानपत्राचं ऑफिस सोडून आष्टीला राहायला आले होते. संध्याकाळी घरूनच लॅपटॉपवर पानं लावत होते. दिवसभर मोकळी होते. मुलगी माझ्याकडे राहिली तर पुढच्या जूनमध्ये शाळेत जाईल, गेली तर पुन्हा फड. इतका साधा प्रश्न होता.

"तुला काय करायचं ते माहीत हाय का पन?" भावाने जाताना विचारलं. "लेकरू सांभाळनं म्हंजे पेपर काढनं न्हाई, अक्का."

मी माहीत आहे म्हणाले. ते खोटं होतं.

लहान मुलांना घरच्या घरी खेळातून कसं शिकवावं, या विषयावर मी नऊ वर्षं मथळे दिले होते. रविवारच्या पुरवणीत त्याचं पान असायचं. त्या पानावरचं मूल स्वच्छ आणि हसरं असतं, त्याच्या मागे खिडकी असते, खिडकीत कुंडी असते. त्याच्या आईबापांना दुपारी वेळ असतो. लेख शहरातून येत, फोटो कुठून तरी उचललेले असत. 'स्वयंपाकघर हीच प्रयोगशाळा' हा मथळा मी तीन वेळा दिला. एकाही वाचकाने तक्रार केली नाही. वाचक होते की नाही, याचीही खात्री नव्हती. जाहिरात आली की ते पान सगळ्यात आधी कापलं जायचं.

आता तेच पान उघडून बसले.

पान लावण्याआधी कोऱ्या कागदावर कुठे काय जाणार याचा आराखडा काढतात. त्याला डमी म्हणतात. मी मुलीच्या आठ दिवसांची डमी काढली. दहा ते दहा वीस रंगओळख. दहा वीस ते दहा चाळीस वर्गीकरण. मग पाणी ओतण्याचा खेळ, मग रंगीत कणकेचे आकार, मग मोजणी. दोन खेळांमध्ये जागा उरली तिथे बडबडगीत टाकलं, जसं रिकाम्या कोपऱ्यात आपण 'कांद्याची आवक स्थिर' टाकतो. आराखडा नीट दिसत होता. भिंतीला चिकटवला.

पलीकडच्या गल्लीत एक बाई छोट्यांची शाळा चालवत. त्यांचा पालकांसाठी मोबाइलवर ग्रुप होता. त्यात रोज सकाळी एक 'उपक्रम' येई आणि संध्याकाळपर्यंत त्याचा फोटो टाकायचा असे. त्यांनी मला न विचारता ग्रुपमध्ये घेतलं.

"मॅडम, तुम्ही पत्रकार. तुमचे फोटो तर एकदम भारी येणार," त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या.

"मुलं शिकतात का त्यात?"

"शिकतात ना. पण फोटो पाहिजे. फोटो नसला तर पालकांना वाटत नाही काही झालं म्हणून."

ग्रुपमधल्या पहिल्या दिवसाच्या फोटोंत बारा मुलं बारा ताटांसमोर बसली होती. कोणत्याही मुलाचा हात ताटात नव्हता. सगळी कॅमेऱ्याकडे बघत होती.

आमचा पहिला दिवस असा गेला. रंगओळखीसाठी टोमॅटो, हळदीचा डबा आणि मेथीची जुडी मांडली. यातलं लाल कोणतं, असं विचारलं. मुलगी टोमॅटोकडे बघून गप्प राहिली. वीस मिनिटं संपली. वर्गीकरणासाठी परातीत तूर, हरभरा आणि मूग एकत्र केले आणि वेगळे कर म्हणाले. लेखात लिहिलं होतं की मूल या खेळात रमून जातं. तिने मांडी घातली, परात पुढ्यात ओढली, आणि माझी चहाची कपबशी विसळून होईपर्यंत तीन ढीग करून ठेवले. चौथा ढीग खड्यांचा होता. खडे मी घातले नव्हते, डाळीतच होते.

"झालं. आता काय निवडू?"

"आता काही नाही. हा खेळ होता."

तिने परातीकडे पाहिलं. "खेळ कुठं हाय?"

मी भिंतीवरच्या आराखड्यात 'पूर्ण' असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पाण्याचा खेळ होता. एका भांड्यातलं पाणी दुसऱ्यात ओतायचं, थोडं सांडू द्यायचं, त्यातून हाताचा तोल साधतो. आमच्या गल्लीला नळाचं पाणी दहा दिवसांतून एकदा येतं, बाकी टँकर. हे मला माहीत होतं. तरी मी बादली आणि दोन तांबे तिच्यासमोर ठेवले, कारण आराखड्यात तसं होतं. मुलगी बादलीपासून मागे सरकली.

"ओत की."

"सांडलं तर?"

"सांडू दे."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला पुन्हा सांगवलं नाही. मग उठून तिने ताट आणलं आणि बादलीवर झाकण घातलं.

तिसऱ्या दिवशी कणकेत हळद आणि बिटाचा रस घालून गोळे केले. तिने पिवळ्या गोळ्याची भाकरी थापली. चांगली थापली, काठ फाटले नाहीत. लाल गोळा हातात घेतला, नाकाला लावला आणि बाजूला ठेवला. "ह्ये खराब झालंय. गुराला टाक." मोजणीच्या वेळी मणी पुढे केले. एक, दोन, एवढंच म्हणाली. त्या दुपारी ती उंबऱ्यावर जाऊन बसली ती साडेपाचपर्यंत. अर्धी भाकरी खाल्ली. आई कधी येणार, हे दोनदा विचारलं.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. "रमली का वन्सं?"

"रमतीये."

"खरं सांगा. मला गाठोडं बांधायचं हाय."

"रमतीये म्हणाले ना."

वीस वर्षं मी वार्ताहरांना दुसरा सोर्स विचारत आले होते. माझ्याकडे पहिलाही नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी ऑफिसचा फोन आला. एका पानात चूक गेली होती. त्या बोलण्यात पाऊण तास गेला. रंगओळख बुडाली, वर्गीकरण बुडालं. फोन ठेवून आतल्या खोलीत गेले तेव्हा मुलीने कोपऱ्यातल्या रद्दीचा गठ्ठा सोडला होता. ती एकेक पान लांबट गुंडाळत होती. दहाबारा गुंडाळ्या झाल्या की कागदाची पट्टी फाडून, पिळून, त्या पट्टीने बांधत होती. मोळी झाली की डोक्यावर घ्यायची, खोलीभर चालत जायची आणि खाटेवर टाकायची. खाट म्हणजे ट्रक होता. मी दारात थांबले.

"तिथं कावून उबी हाय बे? हात चालव!"

आवाज तिचा होता, बोलणं कुठल्या तरी बाप्याचं. मला मोळ्या वर देण्याचं काम मिळालं. मी एक मोळी आडवी टाकली तर ती संतापली.

"अशी न्हाई! बुडखा इकडं, शेंडा तिकडं. गाडी लवंडंल ना."

मी सरळ केली. मग ती मोजायला लागली. बोट लावून, न चुकता, प्रत्येक मोळीला एक आकडा. अठरा, एकोणीस, ईस. मण्यांना तिने दोनच आकडे दिले होते. मण्यांची गाडी भरायची नव्हती. लाल काय हेही तिला येत होतं: मुकादमाची गाडी लाल, म्हणून खाटेवर माझी लाल शाल पसरली. लांब-आखूड, जड-हलकं, वर-खाली, माझ्या डमीतले सहा दिवस तिने पाऊण तासात संपवले. ऑफिसमधल्या कुणाला न विचारता.

मी भिंतीवरचा आराखडा काढला. त्याच्या तीन गुंडाळ्या झाल्या.

पुढचे तीन दिवस हाच खेळ चालला. तिने खोक्याच्या पुठ्ठ्यांची कोपी उभी केली. चूल मांडली. लाकडी चमच्याला फडकं गुंडाळून बाळ केलं. जेवणाची सुट्टी तीच जाहीर करायची, आणि फडावर भूक लागते म्हणून सुट्टीत ती पूर्ण भाकरी खायची. उंबऱ्यावर बसणं थांबलं. आई कधी येणार हा प्रश्न पाचव्या दिवशी एकदा आला, सहाव्या दिवशी आला नाही. हे मी वहीत लिहिलं, आणि आता वहिनीला सांगण्यासारखं आपल्याकडे काहीतरी आहे असं मला वाटलं.

ग्रुपवर खेळाचा एक फोटो टाकला. शाळेच्या बाईंचं उत्तर तासाभराने आलं. "छान मॅडम. पण हा उपक्रम यादीत नाही. आणि पार्श्वभूमी जरा स्वच्छ ठेवा. बाकीचे पालक बघतात." त्याखाली सहा जणांनी अंगठे टाकले. त्या दिवशीचा यादीतला उपक्रम 'आपले मदतनीस' हा होता. बारा मुलांनी डॉक्टर, पोलीस आणि पोस्टमन यांच्या चित्रांत रंग भरला होता. ज्याने कोयता लावल्याशिवाय उसाची साखर होत नाही असा कोणी त्या चित्रांत नव्हता. बारापैकी किती घरांतली माणसं तोडीला जाणार होती, हे शाळेच्या बाईंना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

आठव्या दिवशी सकाळी अकराला वहिनी आली. काखेत गाठोडं होतं: स्वेटर, कानटोपी, गोधडी. राहिली तर इथे लागणार होतं, आली तर तिकडे. मुलगी धावत येऊन तिच्या पायाला बिलगली आणि दोन मिनिटांत परत कामाला गेली. गाडी भरायची होती.

वहिनी खाटेवर न बसता जमिनीवर बसली आणि बघत राहिली. मी तिला मोजणीचं सांगितलं. वीसपर्यंत, न चुकता. लांब-आखूडचं सांगितलं. पुरवणीच्या पानावरचे सगळे शब्द माझ्या तोंडून बाहेर आले, कारण दुसरे माझ्याकडे नव्हते.

"हेच शिकवलं व्हय आठ दिवस?" वहिनी म्हणाली.

"मी नाही शिकवलं. तिचं तीच..."

"ह्येच खेळायचं आसंल तर तिकडं खरं हाय की. खरा ऊस, खरी गाडी. लेकीच्या हातात कोयता नगं म्हनून मी हितं ठिवायला निगालते. आन् तुमी कागदाचा धरवला."

वहिनीने गाठोड्याची गाठ, जी आधी सैल केली होती, पुन्हा आवळली.

तेवढ्यात मुलीने चमच्याचं बाळ उचललं. खाटेच्या पायाला सुतळीचं एक टोक बांधलेलं होतं. दुसरं तिने बाळाच्या कमरेला बांधलं. दोन गाठी मारल्या, ओढून पाहिल्या.

"रडू नको. आई पाचटात हाय," ती बाळाला म्हणाली आणि मोळी घेऊन निघाली.

"ये हिकडं," वहिनी म्हणाली. "त्याला कावून बांदलंस?"

"तूच बांदती की मला. फडात साप आसतो म्हनून."

"आता न्हाई बांदत. तू ल्हान व्हतीस तवा."

"मागल्या साली बांदलंतं. दोरी हिरवी व्हती."

वहिनीने पुढे सरकून सुतळीच्या गाठी सोडल्या. दुसरी गाठ घट्ट होती, दातांनी सोडली. बाळ मुलीच्या हातात दिलं.

"ह्याला आत्याजवळ दे. गाडीत नगं न्हेऊ."

मुलीने विचार केला. "गाडीत जागा बी न्हाई. भरली."

वहिनीने चहा घेतला नाही. उठली, गाठोडं उघडलं, स्वेटर आणि कानटोपी काढून फळीवर ठेवली, गोधडी खाटेच्या पायथ्याशी ठेवली. रिकामं फडकं झटकून घडी घातली आणि काखेत धरलं. दारात वळून म्हणाली, "फोन करत जा वन्सं. पन तिच्यासमोर नगं."

ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी आष्टीच्या स्टँडवरून निघाला. त्यात अठरा मोठी माणसं आणि चार मुलं होती. आमची मुलगी घरी होती. संध्याकाळी सहाला भावाचा फोन आला. मी तो अंगणात जाऊन घेतला. जेवायला थांबलो आहोत, असं तो म्हणाला. त्या दिवशी मुलीने अकरा मोळ्या बांधल्या. बारावीला कागद पुरला नाही.