काकू कुठल्या गटात

डब्लिनमधल्या एका विमा कंपनीत माझी खुर्ची अशी आहे की तिच्यावर बसणाऱ्याला 'माहीत नाही' म्हणायची सोय नाही. देशभरातले आर्थिक सल्लागार अडले की मला फोन करतात. गिऱ्हाईक गेल्यावर त्याच्या निवृत्तीनिधीचं काय होतं, तो एकवीस वर्षांच्या आतल्या मुलाला मिळाला तर कर कुठला आणि एकविशी ओलांडलेल्याला मिळाला तर कुठला, वीस वर्षं एकत्र राहून लग्न न केलेल्या जोडप्याला कायदा एकमेकांचं कोण समजतो, असले प्रश्न. मी उत्तरं देतो. नुसती देत नाही, कलमाच्या आकड्यासकट देतो, आणि पलीकडचा 'ग्रँड', म्हणजे इथल्या बोलीत 'झकास', म्हणाला की मला दिवसभर पुरतं. बायको म्हणते, घरातला दिवा गेला तर कुठला आणायचा हे तुला सांगता येत नाही, मेलेल्या माणसांचं मात्र सगळं तोंडपाठ. ती पुण्याची आहे, त्यामुळे हे कौतुक नव्हे हे मला कळतं.

इथल्या वारसाकराचा पाया सोपा आहे. घेणारा इथे राहत असला की झालं, मग मालमत्ता जगात कुठेही असो. देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नातं काय, यावरून तीन गट. पहिला मुलांचा, त्यात सूट भरघोस. दुसऱ्यात भावंडं, सख्खे पुतणे, भाचे, सूट बेताची. तिसऱ्यात उरलेलं सगळं जग, सूट नावापुरती. सूट मिळते त्याच्या वर जे काही असेल त्याचा जवळजवळ एक तृतीयांश सरकारजमा. मला झोपेतून उठवून कोणाचंही नातं सांगा, मी गट सांगेन. तशी वेळ कोणी आणलेली नाही, पण माझी तयारी आहे.

आता काकू. माझे बाबा गडचिरोलीकडे वनखात्यात होते. सतत बदल्या, आणि शाळांची बोंब. म्हणून पाचवीत मला नागपूरला काका-काकूंकडे ठेवलं आणि मी इंजिनिअर होईपर्यंत तिथेच राहिलो. इंजिनिअर होऊन मी विम्यात कसा शिरलो हे मला सासऱ्यांनाही आजवर नीट समजावता आलेलं नाही. काका-काकूंना मूल नव्हतं. पुढे आई-बाबा गेले, मग काका गेले, आणि नागपूरचं घर काकूच्या नावावर झालं. घर लहानसं, पण जागा मोक्याची, त्यामुळे बिल्डर लोक अधूनमधून काकूच्या तब्येतीची चौकशी करतात. काकूची एकच इच्छा आहे: घर मला मिळावं, आणि मी ते विकू नये. मीही निवृत्त झालो की तिथे राहायचं ठरवून बसलो आहे.

वर्षभर ती फोनवर विचारायची की तुझ्या तिकडचं सरकार तर काही मागणार नाही ना. मी हसून सांगायचो की मुलांना इथे मोठी सूट असते, तू निर्धास्त राहा. तज्ज्ञाचं मत, तेही फुकट.

यंदा उन्हाळ्यात काकू तीन महिन्यांसाठी आमच्याकडे डब्लिनच्या ओंगार उपनगरात आली. ती आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात एनिस गावच्या एका सल्लागाराचा फोन आला. हा गृहस्थ मला नेहमी फोन करतो आणि आधी हवामानाबद्दल बोलतो. त्याच्या अशिलाला, एका बाईंना, मामाच्या बायकोने लहानपणापासून सांभाळलं होतं आणि आता ती मामी आपलं घर त्यांना देऊ बघत होती. गट कुठला? मी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, तिसरा. मामा असता तर दुसरा. मामीचं नातं लग्नाने आलेलं, कायद्याच्या लेखी ती परकी. मग थोडं थांबून, कारण अशा वेळी थोडं थांबलेलं शोभतं, मी पुढचं सांगितलं: अठराव्या वर्षाच्या आत एकूण पाच वर्षं मूल तिच्या घरी राहिलं असेल, आणि तिने स्वतःच्या खर्चाने सांभाळलं असेल, तर ते मुलांच्या गटात जातं. मात्र एकट्या माणसाच्या सांगण्यावर भागत नाही, दुजोरा लागतो. तो म्हणाला, ग्रँड. मी खुशीत चहा करायला उठलो.

ऑफिसच्या स्वयंपाकघरात, प्रेसमधून, म्हणजे इथे कपाटाला जे म्हणतात त्यातून, चहाचा मग काढताना माझ्या डोक्यात उजेड पडला. काकू म्हणजे काकांची बायको. मी तिचा सख्खा पुतण्यासुद्धा नव्हतो. इतकी वर्षं मी लोकांच्या आत्या, मावश्या आणि सावत्र भाऊ गटागटांत बसवले, आणि माझं नातं लावायची वेळ आली तेव्हा कलम उघडून न बघता सरळ जाऊन मुलांच्या रांगेत उभा राहिलो. हातातला मग तसाच परत ठेवला. चहा प्यायचं राहूनच गेलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती आधी पोटभर हसली. मग तिने विचारलं की कर भरायचा झाला तर आपल्याकडे तेवढे पैसे आहेत का. नव्हते. ओंगारच्या घराचा हप्ता मी निवृत्त होईपर्यंत चालायचा आहे. म्हणजे नागपूरचं घर विकूनच त्याचा कर भरावा लागणार होता. मी तिला ऐटीत म्हटलं की त्यात काय, सांभाळलेल्या मुलाची सवलत आहे, आपण काकू इथे असतानाच तिचं लेखी निवेदन तयार करू, दुजोऱ्याला नागपूरचे शेजारी आहेतच. बायको म्हणाली, काकूंना जरा जपून विचार. मी म्हणालो, माझं कामच आहे ते.

शनिवारी दुपारी काकू सांबारवडी करायला बसली होती. कोथिंबिरीला ती सांबार म्हणते, आणि जवळच्या ब्लँचर्डस्टाउनच्या दुकानात त्याची जुडी काय भावाने घेतली हे ऐकल्यापासून तिने एकही पान वाया जाऊ दिलं नव्हतं. मी समोर लॅपटॉप उघडून बसलो आणि सल्लागारांना जसं विचारतो तसं क्रमाने विचारू लागलो. मी त्यांच्याकडे किती वर्षं राहिलो? हे तिने बोटांवर मोजून चटकन सांगितलं, शिवाय पाचवीत मला गोवर झाला होता तेही सांगितलं. मी गोवर लिहून घेतला नाही. मग विचारलं, माझ्या शाळेची फी कोण भरायचं, कपडे कोण घ्यायचं, किराणा कोणाच्या पगारातून यायचा. काकू तेव्हा शाळेत शिकवायची. ती म्हणाली, दोघांचा पगार एकाच डब्यात राहायचा, त्यातली नोट कोणाची हे कोण बघणार. मी मान डोलावून टाइप केलं की खर्च संयुक्त. आणि पुढचा प्रश्न टाकला: थोडक्यात, माझा खर्च तुम्ही केला, बरोबर?

काकू पानं निवडायची थांबली.

"तुझा कसला खर्च बाप्पा? तुझे बाबा दरसाल तांदूळ पाठवत होते न. आम्हीच खाल्ला तुमचा तांदूळ."

खरं होतं. बाबा गडचिरोलीहून दर हिवाळ्यात तांदळाची पोती पाठवायचे. हा दावा बुडवायला यापेक्षा सोयीस्कर वाक्य कुठल्याही वकिलाला सुचलं नसतं. मी तिला समजावलं की असं सांगायचं नाही. तांदूळ ही भेट होती असं धरू. काकूने विचारलं, कोणाला भेट. मग नाइलाजाने सगळं सांगितलं: तीन गट, त्यात ती तिसऱ्यात, घर विकावं लागेल, आणि ते वाचवायचं तर एवढंच लिहून द्यायचं आहे की मी ह्याला माझ्या खर्चाने वाढवलं. पलीकडे अभ्यास करणाऱ्या माझ्या मुलीने इंग्रजीतच विचारलं की तिसरा गट म्हणजे कोण. मी गडबडीत पुस्तकी उत्तर दिलं, स्ट्रेंजर्स. काकूला इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं येतं. तिने तीस वर्षं तेच शिकवलं होतं.

ती पुन्हा पानं निवडू लागली. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. जिच्या हातचं जेवून मी वाढलो तिची मी उलटतपासणी घेत होतो, वर तिला परकी म्हणून मोकळा झालो होतो, आणि तरीही माझ्या डोक्यात चाललं होतं की तांदळाचं काय करावं.

"मुलगा म्हणून लिहून देते," ती म्हणाली. "चालते का?"

मी म्हटलं, नुसतं मुलगा चालत नाही काकू. खर्च लिहावा लागतो.

"मुलावर खर्च केला म्हणून कोणती आई लिहून देते?"

असा प्रश्न मला आजवर एकाही सल्लागाराने विचारलेला नाही. मी कलम आठवून पाहिलं. मग, सवयच वाईट, मी शेवटची पळवाट काढली. म्हटलं, तू नको देऊस, मी शेजारच्यांकडून घेतो, त्यांनी सगळं पाहिलं आहे.

काकूने ताट बाजूला सारलं.

"त्यांच्याकडून काय लिहून घेशील? याच्या आईबापांनी याला पोसलं नाही म्हणून? तुझी आई दर सुटीत यायची. परत जाताना दारात माझ्या पाया पडायची, वयाने मोठी असून. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. खर्चाचं नाव तिने कधी काढलं नाही, मीही नाही. आता ते दोघं ऐकायला नाहीत तर तू सरकारला सांगून राहिला?"

आई पाया पडायची हे मला माहीत नव्हतं. आई जाताना मी रागाने मागच्या अंगणात जाऊन बसायचो, ती दिसेनाशी होईपर्यंत. मला रडू आलं, आणि ते लपवायला लॅपटॉपचा पडदा फार लहान होता. मुलगी उठून माझ्याजवळ आली. काकूने ओल्या हाताने लॅपटॉप मिटला, आणि मीही तो तसाच राहू दिला.

मी तिला विचारलं, मग घराचं काय करायचं. ते विकलं जाऊ नये असं तिला किती वाटत होतं हे मला ठाऊक होतं.

"विकजो," ती म्हणाली. "माझ्यामागे विकजो. पण हे कोणापाशी लिहून नको देजो."

मी हो म्हणालो.